कोरोनात दाताच्या तारेची हौस खरंच वाढली होती का?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षक पालकांचा आहे. थोडक्यात असा: "कोरोनाच्या काळात दात सरळ करून घेण्याकडे लोकांचा ओढा वाढला, असं वाचलं. आमचा अनुभव उलटा. मोठ्या मुलीची तार मार्च २०२० मध्ये अर्धवट राहिली ती राहिलीच. आता धाकटा सहावीत आहे, त्याचे वरचे दात पुढे आहेत. खरंच ओढा वाढला होता, की ते फक्त शहरातलं? आणि पुन्हा तशी वेळ आली तर चालू उपचाराचं काय करायचं?"

सर, तुम्ही वाचलं तेही खरं आणि तुमच्या वाट्याला आलं तेही खरं. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बसून बरीच वर्षं दात सरळ करायचंच काम करतो, म्हणून उत्तर आमच्या बाजूने देतो. इंटरनेटवरचा ओढा २०२० च्या उन्हाळ्यातच वर जायला लागला होता. आमच्या दवाखान्यात तो दिसला २०२२ च्या पाडव्यानंतर. मधल्या दोन वर्षांत तुमच्या मुलीसारखी कितीतरी मुलं अडकली.

आधी इंटरनेटवरचा ओढा दाखवणारे आलेख. असे अभ्यास बहुतेक गूगल ट्रेंड्सवरून होतात, म्हणजे लोक गूगलवर काय शोधतात ते दाखवणाऱ्या आलेखांवरून. किती माणसांनी शोध घेतला ते तिथे कळत नाही. ज्या आठवड्यात एखाद्या गोष्टीचा शोध एकूण शोधांच्या मानाने सगळ्यांत जास्त झाला त्याला १०० धरतात आणि बाकीचे आठवडे त्याच्या प्रमाणात मांडतात. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत ब्रेसेस (तार), अलाइनर (दातांवर चढवायचे काढ-घालीचे साचे), ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारा डॉक्टर) या शोधांची रेषा अनेक देशांत खाली आपटली आणि मे-जूनपासून पुन्हा चढली. नुसत्या शोधावर भरवसा नसेल तर पैशाचा आकडा बघा. इनव्हिजलाइन नावाचे पारदर्शक अलाइनर बनवणाऱ्या अलाइन टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीची एप्रिल ते जून २०२० ची विक्री साधारण ३५ कोटी डॉलर होती. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ती ६० कोटी होती. लगेच पुढच्या तिमाहीत ७३ कोटी. २०२० चं पूर्ण वर्ष २४७ कोटी आणि २०२१ चं ३९५ कोटींच्या घरात. म्हणजे हौस नुसती शोधण्यापुरती नव्हती, लोक खिशात हात घालत होते.

कारणं तुम्हालाही सुचतील. घरून काम, प्रवास नाही, लग्नं पन्नास माणसांत, त्यामुळे हातात थोडे पैसे शिल्लक. तोंडावर मास्क, त्यामुळे तार लावली तरी कुणाला दिसत नाही. आणि दिवसभर व्हिडिओ कॉलवर स्वतःचंच तोंड समोर. यात एक गंमत आहे, ती मी पेशंटना आवर्जून सांगतो. हातभर अंतरावरून फोनने फोटो काढला की चेहऱ्याचा मधला भाग आहे त्यापेक्षा मोठा येतो, कारण तो कॅमेऱ्याला सगळ्यांत जवळ असतो. नाक फुगतं, पुढचे दात आणखी पुढे वाटतात. असा स्क्रीनशॉट घेऊन कोणी आलं की मी त्याला पाच-सहा फुटांवर उभं करून मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढतो आणि दोन्ही शेजारी ठेवतो. काहींचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. ज्यांचा सुटत नाही, त्यांच्या दातांना खरंच काम लागतं.

पण हे स्क्रीनशॉटवाले आमच्याकडे कोण होते? पुण्या-हैदराबादहून लॅपटॉप घेऊन गावी आलेली आयटीतली पोरं. आपल्या गावातल्या मुलांचं ऑनलाइन शिक्षण तुम्ही शिक्षक म्हणून माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. घरात एक फोन, तो बापासोबत वावरात. नेटवर्क गच्चीवर. डेटा वाचवायचा म्हणून कॅमेरा बंद. स्वतःचं तोंड तासन्‌तास बघायची सोयच नव्हती त्यांना.

उलट गावातली मागणी ज्या दारातून यायची, ते दारच बंद झालं होतं. आमच्याकडे तारेसाठी मूल येतं ते बहुतेक शाळेमुळे. वर्गात कोणी चिडवतं, मग ते घरी रडतं, नाहीतर तुमच्यासारखे एखादे गुरुजी पालकांना बोलावून सांगतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन मुलं तपासतं, तेही एक कारण. शाळा बंद म्हणजे चिडवणं बंद, पथक बंद, गुरुजी फोनवर. जी मुलं बाहेर दिसायची त्यांच्याही तोंडावर मास्क. राज्यात ग्रामीण भागातल्या पाचवीपासूनच्या शाळा पुन्हा सरसकट उघडल्या त्या ४ ऑक्टोबर २०२१ ला, तोवर पुढे आलेले दात कोणाच्या डोळ्यावरच आले नाहीत. शहरात मास्कमुळे लोकांनी तार लावली, आमच्याकडे मास्कमुळे ती लावायची राहिली.

आणि तारेची हौस असून भागत नाही. दीड-दोन वर्षं, दर महिना-दीड महिन्याला खुर्चीत येऊन बसावं लागतं. आमच्या पेशंटचं येणं कशावर चालतं? एसटीवर आणि कापसावर. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी पुन्हा सुरू झाली २० ऑगस्टला. त्या हंगामात सोयाबीन-कापसाने अनेकांना दगा दिला, मग हप्ते थांबले. जरा गाडी रुळावर येते तोच फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातल्या दुसऱ्या लाटेची सुरुवात आपल्याच पट्ट्यात झाली. अमरावती, अकोला, यवतमाळ ही नावं रोज बातम्यांत. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून पुन्हा टाळेबंदी, तेव्हा पुण्या-मुंबईत अजून टाळेबंदी नव्हती. ती लाट ओसरली आणि दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. ज्यांच्या दारात मोटरसायकल होती ते येत राहिले; म्हाताऱ्या आजीसोबत एसटीने येणाऱ्या मुली गळाल्या. कोणाची तार पूर्ण झाली आणि कोणाची नाही, हे मी अनेकदा पत्ता वाचून सांगू शकतो.

मग २ एप्रिल २०२२ ला पाडवा, त्या दिवसापासून राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. त्याच महिन्यात एसटी रस्त्यावर आली. त्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, हमीभाव सहा हजारांच्या आसपास असताना. शाळा सुरू, तोंडं उघडी, गाडी चालू, हातात पैसा. तेव्हा कुठे आमच्याकडे रांग लागली. जगात जी लाट येऊन गेली होती ती आम्हाला अशी उशिरा लागली, आणि गूगलच्या आलेखात ती तुम्हाला सापडायची नाही. आमचे लोक हे टाइप करून शोधत नाहीत, यूट्यूबवर बोलून विचारतात किंवा मेडिकलवाल्याला विचारतात. इंग्रजी शब्दांवर बेतलेल्या अभ्यासात ते मोजलेच जात नाहीत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, त्याचा उपयोग जास्त आहे.

एप्रिल २०२० मध्ये माझ्या फोनवर येणारे प्रश्न जवळपास एकाच साच्यातले होते. "डॉक्टरसाहेब, पोरीच्या गालात तार रुतून राहिली, पक्कडनं तोडू का?" यवतमाळ जिल्हा एप्रिलअखेरच्या यादीत रेड झोनमध्ये होता. मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या दंतवैद्यांसाठी सूचना आल्या, त्यातही भर तातडीच्या कामावर होता; नेहमीचं काम पुढे ढकला, असं स्पष्ट लिहिलेलं. तार रुतणं हे पेशंटसाठी तातडीचं असतं, पण त्यासाठी नाकाबंदीतून मूल आणायचं कसं? म्हणून फोनवरच निभावलं.

त्यासाठी आधी नीट फोटो लागतो. ट्यूबलाइटखाली, तोंड अर्धवट उघडून काढलेल्या फोटोत फक्त जीभ आणि अंधार दिसतो. मी सांगायचो: मुलीला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवा. दोन स्टीलचे चमचे धुऊन घ्या, त्यांच्या दांड्या दोन्ही बाजूंनी ओठांच्या कोपऱ्यात अडकवून तिलाच गाल बाहेर ओढू द्या. दात एकमेकांवर दाबायला सांगा. फोटो दुसऱ्याने काढायचा, मागच्या कॅमेऱ्याने, एक समोरून, एक डावीकडून, एक उजवीकडून. मग तोंड उघडून आरसा नसला तरी वरची-खालची ओळ. पाच फोटोंत मला नव्वद टक्के गोष्टी कळायच्या: कुठलं ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) सुटलंय, तार मागून सरकलीय का, हिरडी सुजलीय का. चमच्याचा हा उपाय आजही चालतो, वावरातून येणं शक्य नसेल तर फोटो पाठवा.

रुतणाऱ्या तारेचं उत्तर सोपं आहे. तारेसाठी दवाखान्यातून दिलेलं मेण असेल तर टोक पुसून कोरडं करून त्यावर मेणाची गोळी बसवा. मेण संपलं तर बिनसाखरेचं च्युइंगम चावून मऊ करून थोडा वेळ लावता येतं. पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ खोडरबराने बारीक टोक आत वळवता येतं. तेही जमलं नाही आणि तार बारीक असेल, तर सॅनिटायझरने पुसलेल्या नेलकटरने टोक कापायचं. तुकडा घशात जाऊ नये म्हणून आत कापूस ठेवायचा आणि मुलीने मान पुढे वाकवायची. जाड तार नेलकटरने तुटत नाही, तिथे नाद सोडायचा. पक्कड कधीच नाही. पक्कडने ओढलं की दातावरून ब्रॅकेट निघतं, कधी सोबत दाताचा टवका जातो.

तार तशीच तोंडात राहिली तर दात भलतीकडे जातील का, ही भीती सगळ्यांना होती. दात का सरकतो ते एकदा समजलं की ही भीती बरीच कमी होते. दात हाडात सिमेंटसारखा घट्ट बसलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक बारीक थर असतो. हलका, सतत दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड पेशी विरघळवतात आणि मागच्या बाजूला नवं भरतात. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, यापेक्षा घाई चालत नाही. तारेत साठवलेला जोर संपला की दात थांबतो. साधी निकेल-टायटॅनियमची किंवा स्टीलची तार असेल तर दोन-तीन महिने गैरहजर राहिल्याने वेळ वाया जातो, फारसं बिघडत नाही. ओढून लावलेली रबराची साखळी तर पहिल्याच दिवसात बराचसा जोर गमावते आणि काही आठवड्यांत नुसती शोभेला उरते.

काही गोष्टी मात्र देखरेखीशिवाय चालू ठेवायच्या नसतात. टाळू रुंद करायचा स्क्रू: तो फिरवणं थांबवायचं. वरून खाली लावायची रबरं, विशेषतः एकाच बाजूची: डॉक्टरांना विचारल्याशिवाय महिनोन्‌महिने लावायची नाहीत, जबडा तिरका बसायला लागतो. जागा करण्यासाठी दाबून बसवलेली स्प्रिंग: ती जोर देतच राहते आणि जागा हवी त्यापेक्षा मोठी होते. ब्रॅकेट सुटलेला दात एकटा पडतो आणि बाकीचे पुढे जातात, तो मागे राहतो. टाळेबंदी पुन्हा आली तर तुमच्या डॉक्टरांना पहिला फोन करून एवढंच विचारा, "आमच्या तोंडात असं काही आहे का, जे आपोआप थांबत नाही?"

आणखी एक बारकावा, जो फार कमी लोकांना माहीत असतो. दवाखाने अर्धवट उघडल्यावर आम्ही काही कामं करत होतो आणि काही टाळत होतो, तेव्हा लोकांना वाटलं डॉक्टर मनाला येईल तसं करतात. तार बदलणं, बांधणं, कापणं यात पाण्याचा फवारा उडत नाही. ब्रॅकेट चिकटवताना दात धुवावा लागतो आणि शेवटी ब्रॅकेट काढल्यावर राहिलेला गोंद मशीनने घासावा लागतो, तेव्हा थुंकीचे बारीक कण खोलीभर होतात. म्हणून चालू पेशंटची तार आवळली जायची आणि नवी तार लावणं किंवा पूर्ण झालेली उतरवणं पुढे जायचं. नव्या पेशंटची 'मागणी घटली' असं जे दिसलं, त्यातली थोडी आम्हीच घटवलेली होती.

या सगळ्यात जे खरं नुकसान झालं ते सरकलेल्या दातांचं नव्हतं, डागांचं होतं. ब्रॅकेटच्या कडेला अन्न साचलं आणि ब्रश नीट झाला नाही तर महिनाभरातही दातावर खडूसारखे पांढरे डाग पडू लागतात. शाळा नाही म्हणून सकाळी उठणं नाही, उठणं नाही म्हणून ब्रश नाही, आणि दिवसभर बिस्किटं. २०२० च्या पावसाळ्यात खुर्चीत बसलेल्या मुलांचे दात पूर्वीपेक्षा सरळ होते, पण कित्येकांच्या दातांवर ब्रॅकेटभोवती चौकोनी पांढरी चौकट उमटलेली होती. आपल्याकडे यात आणखी गुंता. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे दातांवर आधीच पांढरे-तपकिरी पट्टे असतात. अशा दातावर ब्रॅकेट नीट चिकटत नाही, वारंवार सुटतं, आणि नवे डाग कोणते, जुने कोणते हेही कळत नाही. म्हणून मी तार लावण्याआधी दातांचे फोटो काढून ठेवतो आणि पालकांना दाखवतो.

खर्ऱ्याबद्दलही, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाबद्दल, बोलायलाच हवं. तुमच्या मुलांना लागू नसेल, पण वाचणाऱ्यांत दहावी-बारावीची पोरं असतील. सुपारीच्या एका घासाने ब्रॅकेट निघतं, ते परत लावता येतं. पण खर्ऱ्याने तोंडाचं आतलं आवरण कडक होत जातं, तोंड उघडणं कमी होतं आणि ते परत पूर्ववत होत नाही. ज्याच्या तोंडात माझी दोन बोटं नीट जात नाहीत, त्याला मी तार लावत नाही, आधी तोंडाच्या डॉक्टरकडे पाठवतो.

आता एक प्रकार, जो त्या दोन वर्षांत मी पूर्वीपेक्षा जास्त पाहिला. एक मुलगी आली, आठवी-नववीतली. पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. दवाखाने बंद, पैसेही नाहीत, तिने व्हिडिओ पाहून पिशवीला बांधायचं बारीक रबर त्या दोन दातांभोवती अडकवलं. फट आठवड्याभरात मिटली, घरचे खूश. मग एक दिवस रबर दिसेना, त्यांना वाटलं पडलं असेल. पुढच्या काही आठवड्यांत हिरडी लाल झाली, दात लांब दिसायला लागले आणि हलू लागले. एक्स-रेमध्ये दोन्ही मुळांभोवतीचं हाड उतरलेलं. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं, म्हणून मोकळं रबर हळूहळू हिरडीच्या आत वर सरकत जातं आणि वाटेतले तंतू, हाड कापत जातं. एक्स-रेत रबर दिसतही नाही. तिची हिरडी उघडून ते काढावं लागलं, दात शेजारच्यांना बांधून ठेवले. वाचले, पण आयुष्यभर जपावे लागतील. ओढा म्हणाल तर या पोरीचा होता, कोणत्याही शहरी माणसाइतकाच. तिच्यापाशी दवाखान्याची वाट नव्हती, एवढंच.

आता तुमच्या मोठ्या मुलीबद्दल. ब्रॅकेट अजून दातांवर असतील तर घाबरू नका, पण तसंच ठेवूही नका. आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा, ज्याला ओपीजी म्हणतात. मुळं आखूड झालीत का, कीड आहे का, अक्कलदाढा कुठे आहेत ते कळेल. तिच्या उपदाढा काढून जागा केलेली असेल आणि ती अर्धीच भरली असेल, तर शेजारचे दात त्यात कलले असण्याची शक्यता आहे. ते अजूनही सरळ होतात. दात सरकण्याला वयाची अट नाही, हाड आणि हिरडी निरोगी हवी. तिला पुढे न्यायचंच नसेल तर ब्रॅकेट व्यवस्थित उतरवून घ्या, डागांवर फ्लोराइड लावून घ्या आणि आहे त्या जागी दात धरून ठेवायला रिटेनर मागा. रिटेनरशिवाय उतरवू नका. वळलेले दात फिरवून सरळ केलेले असतात तेव्हा हिरडीतले ताणलेले तंतू बदलायला वर्षाच्या आसपास लागतं, तोवर ते दाताला जुन्या जागी ओढतात. इथे आमच्याकडे 'गरज सरो वैद्य मरो' फार चालतं: तार निघाली की रिटेनर कपाटात.

पुन्हा सुरू करायचं असेल आणि ती आता दुसऱ्या गावी शिकत असेल, तर जिथे चार वर्षं राहणार तिथेच करा. जाताना जुन्या डॉक्टरांकडून फाइल मागून घ्या: सुरुवातीचे फोटो, एक्स-रे, दातांचे साचे, कोणत्या पद्धतीचे ब्रॅकेट आहेत त्याची नोंद आणि किती पैसे झाले. ही मागायची लाज बाळगू नका. २०२० मध्ये पुण्याहून परतलेल्या ज्या मुलांकडे ही फाइल होती त्यांचं काम मी लगेच पुढे नेऊ शकलो; ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्या तोंडात काय चाललंय हे समजायलाच दोन-तीन खेपा गेल्या.

अलाइनरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. दिवसाला २० ते २२ तास घालायचे, खाताना आणि चहा पिताना काढायचे. खेपा कमी लागतात हे खरं, म्हणून टाळेबंदीत ते फावले. पण आपल्याकडे दिवसातून चहा किती होतो ते मोजा. खर्चही साध्या तारेच्या दुपटीहून जास्त. आमच्या भागात धातूची तार ३० ते ४५ हजारांत होते, चांगले अलाइनर लाखाच्या पुढे. डॉक्टरला न दाखवता घरपोच किट मागवायचं असेल तर अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लबचं काय झालं ते आधी वाचा. २०१४ मध्ये निघालेली कंपनी, सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, डिसेंबरमध्ये बंद पडली आणि मधे अडकलेल्या पेशंटना सांगितलं की आता आपल्या गावातल्या डॉक्टरांकडे जा.

राहिला धाकटा, आणि त्याच्या बाबतीत मला खरी घाई वाटते. वरचे दात पुढे असण्याची दोन कारणं असतात: दातच पुढे झुकलेत, किंवा खालचा जबडा मागे राहिलाय. दुसरं असेल तर जबडा वाढत असतानाच त्याला पुढे आणता येतं. मुलींमध्ये ही वाढ साधारण दहा ते बाराव्या वर्षी जोर धरते, मुलांमध्ये बारा ते चौदाव्या. त्यासाठी ट्विन ब्लॉक नावाचं काढ-घाल करता येणारं उपकरण देतात, वर एक तुकडा, खाली एक, तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे येऊनच बसतो. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी ते १९७७ मध्ये केलं, पडून पुढचा दात निखळलेल्या एका मुलासाठी. साधारण नऊ महिने ते वर्षभर, जेवतानासुद्धा घालायचं. वाढ संपल्यावर तेच काम तारेने झाकून न्यावं लागतं किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत जातं. मार्च २०२० मध्ये अकरा वर्षांच्या असलेल्या कितीतरी मुली पाडवा २०२२ ला तेराच्या होऊन माझ्यासमोर आल्या. त्यांच्या वाट्याची ती दोन वर्षं परत आणायला माझ्याकडे कुठलंच उपकरण नाही. महामारीचा हिशेब मांडायचा तर मी या मुलींपासून मांडेन, विक्रीच्या आकड्यांपासून नाही.

तुमचा मुलगा मुलगा आहे आणि सहावीत आहे, म्हणजे वेळ हाताशी आहे. पुढचे दात फार पुढे असले की खेळताना पडून तुटण्याचा धोकाही जास्त, तेही लक्षात घ्या. त्याला दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबवू नका. पहिल्या खेपेला दात-जबड्याचा बाजूने काढलेला एक्स-रे लागेल, त्यातच मानेच्या मणक्यांच्या आकारावरून वाढ कुठवर आलीय त्याचा अंदाज येतो. डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा की तुम्ही कुठून, कशाने येणार आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत येणं जमणार नाही. त्याप्रमाणे उपकरण निवडता येतं. ट्विन ब्लॉकला दीड-दोन महिन्यांचं अंतर चालतं. हप्ते कापूस विकल्यावर द्यायचे असतील तर तेही आधीच बोला, आमच्याकडचे बहुतेक डॉक्टर तसं करतात. खर्च झेपत नसेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं खासगी आहे. पैसे कमी, पण प्रत्येक खेपेला अख्खा दिवस जातो, तेवढी तयारी ठेवा. आणि उपकरण मिळालं की त्याच दिवशी त्याचा एक फोटो फोनमध्ये काढून ठेवा, चमचे लावून, तोंडात बसवलेला. पुढे दवाखान्यापर्यंत पोचता आलं नाही, तर तुलना करायला तोच लागतो.